रहाटाकडं पाठ

इंग्रज नुकते गेले होते. मी मुंबईत दोन वर्षं घमेली वाहून वसईला परत आलो आनि स्वतःला मिस्त्री म्हनवून घ्यायला लागलो. लिहायला येत नव्हतं, म्हनून घराचा नकाशा जमिनीवर चुन्यानं काढायचो. कोंबड्या फिरल्या की एखादी खोली गायब.

एका केळीवाल्या बागायतदाराचं घर बांधायला मिळालं. मागं वाडी, विहीर, विहिरीवर रहाट. त्याच्या बापाचे पाय गेलेले, पन आवाज शाबूत. म्हातारा जुन्या ओटीवर बसून तिथनंच रहाटाचा बैल हाकायचा. "हां राजा, चल!" एवढ्यावर बैल फिरायचा, पाटाला पानी यायचं. त्याच्याकडं एवढंच काम उरलं होतं, आनि ते तो कोनाला देत नव्हता.

माझं मत असं, की घर बघून रस्त्यावरचा मानूस थांबला पाहिजे, 'कोनी बांधलं?' विचारलं पाहिजे. म्हनून मी नवी ओटी रस्त्याकडं फिरवली. वर सिमेंटचं कमळ. विहिरीकडं कोरी भिंत.

चुना मारला तेव्हा म्हातारा नव्या ओटीकडं बघत म्हनाला, "मिस्त्री, तिथनं रहाट दिसंल ना?"

"बाबा, आता रस्त्यावरची मानसं बघा. बैलाचं ढुंगन किती वर्षं बघनार?"

सगळे हसले. म्हातारासुद्धा हसला. मला वाटलं, मंजूर.

पुढच्या वर्षी कौलं सारखी करायला गेलो. सून काठी घेऊन बैलामागं फिरत होती. म्हातारा ओटीवर, रस्त्याकडं तोंड करून.

"काय बाबा, कमळ कसं वाटतं?"

"मानसं बघतोय. तूच सांगितलं ना."

दुसऱ्या दिवशी कोनी न सांगता मी मागची भिंत फोडली, खिडकी काढली. तीपन माझ्या उभ्या उंचीनं! म्हाताऱ्याला आत खाटेवर बसवलं तर नुसतं आभाळ. मग पहिल्यांदा मी स्वतः त्या खाटेवर बसलो, आनि खिडकी हातभर खाली आनली.

म्हाताऱ्यानं हाक दिली. बैलानं कान हलवला, उभाच राहिला. दुसरी हाक. कानपन हलला नाय. बैलाला आता सुनेची काठी लागत होती.

"बैलच मठ्ठ," मी म्हनालो. कोनी हसलं नाय.

म्हाताऱ्यानं तिसरी हाक दिली नाय. "सुनेला बोलाव," म्हनाला, "आनि ती खिडकी बंद कर."