रिकाम्या हातानं चालायला निघाले तेव्हा

मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं सगळं आर्वीच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यातच एकदा अमेरिकेतल्या जुन्या अतींद्रियवाद्यांबद्दल वाचलं. शब्द केवढा अवघड, पण सांगणं साधं: खरं काय ते पोथीत नाही, चारचौघांत नाही, आपल्या आत ऐका. आणि ऐकू यायचं तर रानात एकटे फिरा, कामाशिवाय.

मला बाई ते लागूनच राहिलं. भाकरी थापताना जीव नुसता दाराकडे. कामाशिवाय मी कधी चालले होते, तेच आठवेना. आमच्या गावात बाई घराबाहेर पडली की हातात विळा, टोपली, डबा, काहीतरी असायचंच. माणसं आधी हाताकडे बघत, मग तोंडाकडे. आता सुना बूट घालून फिरतात खऱ्या, पण हातातला मोबाइल पावलं मोजतो. तेही कामच झालं की.

तर एका संध्याकाळी तशीच निघाले. शेजारीण ओट्यावर तूर पाखडत होती.

"कुठी चालली व?"

"कुठीच नाई."

तिचं सूप थांबलं.

मी शेताच्या वाटेला लागले. आत कान लावला, तर आत उद्याची डाळ आणि सासूबाईंचं औषध. ते जरा विरळ होतंय तोच मागून धावण्याचा आवाज. आमचे हे, अनवाणी. मागे शेजारीण, तिच्या मागे सासूबाई.

"थांब. कोनं काई म्हटलं का तुले?" ह्यांनी विचारलं.

तेव्हा उमगलं. पुढे आमची विहीर होती. सांजेला, न सांगता, रिकाम्या हातानं विहिरीकडे निघालेल्या बाईचा गावाला एकच अर्थ ठाऊक होता.

"फिराले निघाली मी."

"येकटी? काऊन?"

सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसल्याच. "सकाळी भाजीत तेल जास्त पडलं म्हटलं, तेच लागलं का व माय तुले?"

मला हसू आलं. हात देऊन त्यांना उठवलं.

"नाई हो. पन उद्या मी पुन्हा येईन."

हे म्हणाले, "सांगून जाजो."

दुसऱ्या दिवशी सांगून निघाले. सासूबाई म्हणाल्या, "मी येऊ का संग?" मी नाही म्हटलं. त्या ओट्यावर बसल्या, डोळे माझ्या वाटेवर. चालताना आतलं काही ऐकूच येईना, सारखी त्यांची नजर पाठीवर. दोनदा वळावंसं वाटलं. वळले नाही. विहीर मागे टाकून पुढे गेले.