शेवटची ओळ कुणाची?

त्या मुलीला अटक करायचं जवळजवळ ठरलं होतं. ते टळलं, हे आठवलं की आजही हायसं वाटतं.

माझी पोलिसातली नोकरी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तात सुरू झाली. दगडफेक, संचारबंदी, रात्रंदिवस गस्त. पुढे शहराभोवती कारखाने वाढले आणि गुन्ह्यांची तऱ्हाही बदलली. औद्योगिक वसाहतीतल्या ठाण्याचा मी प्रभारी असताना एका कारखान्याच्या मालकांनी तक्रार दिली. त्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग बाहेर जात होती. बिडकीनच्या एका वर्कशॉपवाल्यानंच त्यांना कळवलं होतं, "शेठ, तुमचाच माल मला दुसरं कुणीतरी बनवायला सांगतंय."

आमच्या सायबर शाखेच्या हवालदारानं कारखान्याचा संगणक तपासला. त्यात एक स्क्रिप्ट होती, म्हणजे संगणकानं ओळीनं काय करायचं ते लिहिलेली फाईल. रोज संध्याकाळी ती आपोआप चालू व्हायची आणि दिवसभराची ड्रॉइंग पुण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवायची. तळाशी मात्र आणखी एक ओळ होती. त्या ओळीनं तीच ड्रॉइंग एका अनोळखी सर्व्हरवर जात होती.

स्क्रिप्टवर नाव होतं संगणक विभागातल्या एका मुलीचं. पैठणकडच्या धनगर कुटुंबातली ही मुलगी पुंडलिकनगरात खोली घेऊन राहायची. महिला शिपायासमोर मी तिची चौकशी सुरू केली.

"स्क्रिप्ट तू लिहिली?"

"व्हय सर. हातानं पाठवताना एखादी फाईल राहून जायची, म्हणून."

"आणि ही शेवटची ओळ?"

तिनं प्रिंट नीट वाचली. "ही माझी नाय. ती फाईल विभागात सगळ्यांनाच उघडता येते."

"मग संशय कुणावर?"

"बघितल्याशिवाय कुणाचं नाव कसं घेऊ सर?"

मी थबकलो. अडकलेला माणूस बहुधा लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बाहेर बाकावर तिचे वडील फेटा मांडीवर घेऊन बसले होते. "साहेब, लई कष्टानं शिकली हो ती," एवढंच म्हणाले.

तिचे विभागप्रमुख मात्र पुन्हा पुन्हा ठाण्यात यायचे. "तिचंच नाव आहे, अजून काय पुरावा पाहिजे?" ही घाई मला खटकत होती.

फक्त मालकांना विश्वासात घेऊन आम्ही ती शेवटची ओळ काढून टाकली. ड्रॉइंग मिळणं थांबलं की चोर ती ओळ परत घालायला येणार, हा माझा हिशेब. साध्या वेशातला एक शिपाई शेजारच्या केबिनमध्ये बसवला आणि मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावून घेतलं, म्हणजे ओळ परत आली तर ती तिनं घातली असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत शिपायाचा फोन आला. विभाग रिकामा होताच प्रमुख संगणकासमोर बसले होते. आम्ही लगेच जाऊन पंचांसमक्ष फाईल उघडली, तर तळाशी ती ओळ परत आलेली. "मी फक्त तपासत होतो," ते म्हणाले. पंचनाम्यावर सह्या व्हायला लागल्या तसं त्यांनी कबूल केलं. ड्रॉइंगच्या बदल्यात एका नव्या कारखान्यात त्यांना भागीदारी मिळणार होती.

मुलीला सांगितलं तेव्हा ती खुर्चीतच रडली. वडिलांनी विचारलं, "मंग आता न्यू का हिला घरी?"

"न्या की," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. "घरी नको बाबा, कंपनीत सोडा. फाईल जप्त झाली, आजची ड्रॉइंग पुण्याला हातानंच पाठवावी लागतील."

त्यानंतर कुठल्याही तपासात एखादं नाव समोर आलं की मी आधी विचारायचो, इथपर्यंत आणखी कुणाचा हात पोहोचत होता? या प्रश्नामुळे काही निरपराध माणसं कोठडीबाहेर राहिली. निवृत्तीनंतर मला त्याचंच सर्वांत जास्त समाधान आहे.