एकसष्टचा कागद

सुलक्षणा मला पहिल्यांदा दिसली ती मांडवगण फराट्याच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात. साल दोन हजार तीन. मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. ती अकरा वर्षांची होती. तिला वजाबाकी यायची नाही, घड्याळ कळायचं नाही, वाचताना खालच्या ओळीवर गेली की वरची हरवायची. पण वर्गात कोण उपाशी आलंय, कुणाला घरी मार बसलाय, हे तिला प्रार्थनेच्या आधीच माहीत असायचं. एकदा मीच घरून भांडून आले होते. कुणाला काही बोलले नव्हते. मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, आज तुमी बसून ऱ्हावा. आमी आमचं वाचतो."

मला ते गोड वाटलं, इतकंच. त्याला हुशारी म्हणतात हे मला त्या वयात सुचलं नाही.

त्याच वर्षी शिरूरला तपासणीचं शिबिर लागलं. अभ्यासात मागे पडणारी मुलं आणा, दाखला मिळेल, पुढं दहावीला सवलत मिळेल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मी तिच्या आईला, मुक्ताबाईंना भेटले. त्या कांद्याची रोपं लावत होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुमी म्हणताय तर न्या. पर पोरगी येडी न्हाई, बाई."

"येडी कोण म्हणतंय?" मी म्हणाले.

शिबिरात पुण्याहून आलेले एकच तज्ज्ञ होते आणि बाहेर ओट्यावर चाळीस मुलं. सुलक्षणा आत गेली तेव्हा दुपार टळत आली होती. मी दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. ठोकळे जुळवायचे होते, आकडे उलटे म्हणायचे होते. तिला काही जमेना. मग प्रश्न सुरू झाले.

"गाय आणि घोडा, दोघांत सारखं काय?"

"सारखं न्हाई काय. गाय बसून ऱ्हवंथ करती. घोडा हुबा ऱ्हातो."

"बरं. लांबून तुमच्या घरातून धूर येताना दिसला, तर तू काय करशील?"

"घरी जाईन."

"घरी जाऊन काय करशील?"

"भाकरी खाईन. धूर दिसला म्हंजी आई रानातनं आली."

त्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न घेतला. ते वाईट माणूस नव्हते. ते पाणीसुद्धा प्यायले नव्हते सकाळपासून. महिनाभरानं दाखला आला. बुद्ध्यांक एकसष्ट, सौम्य मतिमंद. गोल शिक्का, सही. मी तो शिरूरहून प्लॅस्टिकचं आवरण चढवून आणला आणि सुलक्षणाच्या हातात देत म्हणाले, "हा कागद जपून ठेव हं. तुझ्या उपयोगाचा आहे."

दहावीपर्यंत ती पोचलीच नाही. आठवीनंतर घरी राहिली. सवलत तशीच राहून गेली आणि कागद मात्र राहिला.

मुक्ताबाईंनी तिचं लग्न लपवाछपवी न करता केलं. वरवंडचा रोहिदास बघायला आला तेव्हा त्याला सरळ सांगितलं, पोरीला हिशेब, घड्याळ कळत नाही. तो शेवंतीची शेती करायचा, अबोल माणूस. म्हणाला, "मला काय तिला गणितं घालायचीत का?"

मी लग्नाला गेले होते. पुढे वर्षातून एकदा तरी वरवंडला जाणं होई. संसार चांगला चालला होता. कळ्या चाचपून उद्या कुठल्या ओळीची फुलं तोडणीला येतील ते ती सांगायची आणि रोहिदास तिचंच ऐकायचा. प्रांजल झाली. मग सासूला, भागुबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून नुसता आवाज निघायचा. तो आवाज लोकांना सारखाच वाटे. सुलक्षणाला त्यात फरक कळायचे. कूस बदलायचीय, चहा कडू झालाय, माहेरच्या कुणाची तरी आठवण आलीय. ती सांगायची आणि म्हातारी डोळे मिटून मान हलवायची.

प्रांजल तिसरीत असताना रोहिदास हायवे ओलांडत होता, आणि एका टेम्पोनं त्याला उडवलं. जागेवरच गेला.

तेराव्यानंतर रोहिदासचा धाकटा भाऊ सत्यजीत कागदपत्रं गोळा करायला बसला. तो दौंडला राहायचा, सोसायटीच्या कारभारात असायचा, चार माणसं त्याचा शब्द मानायची. वारसनोंदीसाठी त्यानं सुलक्षणाकडे रेशनकार्ड, आधार, असतील ती सगळी कागदं मागितली. तिनं पेटी उघडून सगळं आणून पुढं ठेवलं. त्यात तो दाखलाही होता. मी जपून ठेव म्हणाले होते, म्हणून तिनं सतरा वर्षं जपला होता. आवरणाला एक सुरकुती नव्हती.

आठवड्यानं मुक्ताबाईंचा फोन आला. "बाई, जरा वरवंडला या. प्रांजलला न्यायचं म्हणत्यात."

मी गेले. ओसरीवर सात-आठ माणसं होती. भागुबाईंची खाट भिंतीला लावलेली. सुलक्षणा खाटेच्या पायथ्याशी बसली होती आणि प्रांजल तिला चिकटून. सत्यजीत आवाज न चढवता बोलत होता. तेच मला जास्त जड गेलं.

"हे बघा, माझं वहिनीशी भांडाण न्हाई. पर पोरगी हुशार हाय. तिचा अभ्यास कोण घेणार? उद्या आजारी पडली, औषधाची येळ कोण बघणार? हा सरकारी कागद हाय, मी लिवलेला न्हाई. प्रांजलला मी दौंडला न्हेतो, चांगल्या शाळंत घालतो. माझ्याच भावाची लेक हाय ती."

"आत्याबाईंचं औषध मीच देते की," सुलक्षणा म्हणाली. "सूर्य नारळापाशी आला की दुपारचं. दिवा लावला की रातचं. कवा चुकलं न्हाई."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात भागुबाईंनी आवाज काढला. मोठा, घशातून ओढून काढलेला, आणि डावा हात खाटेवर आपटला. सगळ्यांनी सवयीनं सुलक्षणाकडे पाहिलं.

"काय म्हणती आई?" सत्यजीतनं विचारलं.

सुलक्षणा म्हातारीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, माय-लेकीला तोडू नका."

सत्यजीतनं मान खाली घातली. "वहिनी, आसं आईच्या नावावर सोताच्या मनातलं घालू नका."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटका आल्यापासून तिचे डोळे तसे नेहमीच वाहत, त्यामुळे त्याचाही कुणी काही अर्थ लावला नाही.

मी उभी राहिले आणि म्हणाले की तो दाखला मी काढलेला आहे, तो चुकीचा आहे, ती लहान होती, घाबरली होती, पुन्हा तपासणी करू. सत्यजीत म्हणाला, "करा की, बाई. कागद बदलला तर मी काय बोलणार न्हाई."

मी सुलक्षणाला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. माझी खात्री होती. या वेळी तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. त्यांनी दोन दिवस दिले, चहा पाजला, न समजलेले प्रश्न पुन्हा विचारले. सुलक्षणानं जीव तोडून ठोकळे जुळवले. तिच्या कपाळावर घाम आला होता.

आकडा आला चौसष्ट.

मी तो आकडा दोनदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे ती मूल सांभाळू शकत नाही?"

"तसं कुठं म्हटलंय मी? हा प्रश्न या चाचणीत नाहीच," त्या म्हणाल्या. "आकडे उलटे म्हणणं, चित्रातली जोडी ओळखणं, शब्दांचे अर्थ, असली कामं किती जमतात ते यात दिसतं. घरातली मुकी म्हातारी काय म्हणतेय, हे कळायची चाचणी माझ्याकडे नाही." त्यांनी अहवालात तसं स्पष्ट लिहूनही दिलं, की फक्त या आकड्यावरून आईपणाबद्दल काही ठरवू नये.

सत्यजीतनं अहवाल उभ्यानं वाचला. तीन पानं होती. त्याचं बोट पहिल्या पानावर थांबलं. "चौसष्ट. म्हंजी तेच की, बाई."

"खालचं वाचा."

"वाचलं. ते डॉक्टर लोक लिवत्यात सांभाळून."

मग मी विचारलं, "तुमच्या आईला कोण बघणार?"

"आई हितंच ऱ्हाईल. वहिनीबिगर आईचं कुणाला कळतंय?" आणि बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. पण मग म्हणाला, "आईचं येगळं हाय. आईला काय शिकवायचंय आता?"

कोर्टात जायचं मी सुलक्षणाला सुचवलं. तिनं मान हलवली. "तिथं बी परश्नच इचारत्यात ना, बाई? मी उत्तरं दिली की लोक एकमेकांकडं बगत्यात. प्रांजलसमोर नको."

जूनमध्ये प्रांजल दौंडला गेली. काकांनी तिला खरंच चांगलं ठेवलं, यात खोटं नाही. दर रविवारी तिला वरवंडला आणत. त्या हिवाळ्यात भागुबाई गेल्या. शेवटचे चार दिवस सुलक्षणा खाटेपासून हलली नव्हती. त्यानंतर ती त्या घरात एकटीच राहू लागली.

मागच्या फेब्रुवारीत प्रांजलच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ती आता सातवीत आहे, पाचवीच्या स्कॉलरशिप परीक्षेत तालुक्यात वर आलेली. तिचा सत्कार होता. मी सुलक्षणाला घेऊन दौंडला गेले. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, ओंजळभर शेवंती रुमालात बांधून आणली होती. शाळेच्या फाटकापाशी आल्यावर ती थांबली. म्हणाली, "तुमी जावा आत. मी हितंच हाय."

"अगं, एवढ्या लांब आलोय."

"मागच्या दोन रविवारी ती माझ्याशी हळूहळू बोलती, बाई. बारक्या पोराला समजवावं तशी. मयतरीन बरोबर आसली की माझ्या पुढं चालती." ती फाटकातून आत मंडपाकडे बघत होती. "तिला माझी लाज वाटाया लागलीय. तिचं तिला आजून कळलं न्हाई. कळलं की लई रडंल ती. म्हणून म्हणते, आज नको."

फुलं माझ्या हातात देऊन ती रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसली. आत मंडपात नावं पुकारली जात होती. प्रांजलचं नाव आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. स्टेजवरून तिनं आधी काकांकडे पाहिलं, मग मला ओळखून हसली, आणि मग तिची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आली. क्षणभर तिचा चेहरा सैल पडला, सुटका झाल्यासारखा.

बाहेर आल्यावर सुलक्षणानं मला एवढंच विचारलं, "हसली का?"

मी हो म्हणाले.