नुसता ब्रेड आणि मोहरी

कुठे काही सुरळीत चाललंय असं कळलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, असा जगात एकच माणूस असावा, आणि ते नेमके माझे चुलतसासरे निघाले. काका चाळीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये आहेत, पण हे शहर टिकेल याची खात्री त्यांना अजून वाटत नाही. लख्ख ऊन पडलं की "लक्षण बरं नाही" म्हणत छत्री घेतात. विमान वेळेवर सुटलं तर पायलट नवखा असावा, असं त्यांचं मत. मला प्रमोशन मिळालं तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "जपून रे. जास्त पगाराची माणसं आधी काढतात."

या माणसाला सुख म्हणून काही असेल, तर ते दर रविवारी दुपारी एका जुन्या ज्यू खानावळीत, म्हणजे तिथल्या भाषेत डेलीत. तिथे काउंटरवर मसाला लावून धुरावलेल्या मांसाची वाफाळती पस्ट्रामी, वीतभर उंचीची सँडविचेस, आणि काका पक्के शाकाहारी. पहिल्याच दिवशी त्यांनी म्हाताऱ्या वेटरला सांगितलं होतं, मांस काढ आणि चीज घाल. ज्यू धर्माचे नियम पाळणाऱ्या कोशर डेलीत मांस आणि दूध एका छपराखाली येत नाही, हे त्यांना काय ठाऊक! वेटरने सगळे नियम ऐकवले, तसे काका हरखलेच. "अरे, हे तर आमच्या आईचं सोवळं," असं अजूनही सांगतात. शेवटी राय ब्रेडचे दोन तुकडे, फेसलेली मोहरी आणि काकडीचं लोणचं यावर तडजोड झाली. त्या सुतकी ताटलीकडे बघून वेटरने विचारलं, "हू डाइड?"

"नोबडी," काका म्हणाले. "येट."

तेव्हापासून दर रविवारी तीच ताटली, तोच प्रश्न, तेच उत्तर. वेटर आपल्या गुडघ्यांना शिव्या द्यायचा, काका सरकारला. मैत्री म्हणाल तर एवढीच. गेल्या वर्षी माझी नोकरी खरंच गेली. नवी नोकरी शोधायला व्हिसा देतो ते साठ दिवस मोजत मी न्यू जर्सीत घरी बसलो होतो. काका ट्रेनने आले. "मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हणाले नाहीत; मला उठवून डेलीत घेऊन गेले. वेटरने नेहमीचा प्रश्न विचारला. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिज जॉब." म्हाताऱ्याने मला दोन लोणची जास्त वाढली, आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवलो. त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. ती टिकणार नाही, असं काकांनी लगेच सांगितलं, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

तेव्हापासून रविवारी मीही काकांबरोबर जाऊ लागलो. गेल्या महिन्यात आमच्या टेबलाशी एक हसरी मुलगी आली. जुने वेटर चार दिवसांपूर्वी वारले, हे तिने हळू आवाजात सांगितलं. मग ताटली ठेवून "एंजॉय" म्हणाली आणि गेली. काका ताटलीला हात लावेनात. नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मला ते बघवेना. शेवटी मीच विचारलं, "काका, कोण गेलं?"

काकांनी ताटली बाजूला सरकवली. "इतकी वर्षं तो मला विचारत आला," म्हणाले. "त्याच्याकडचं कोण कोण गेलं, ते मी एकदाही विचारलं नाही रे."

हल्ली रविवारी तो प्रश्न मी विचारतो. काका उत्तर देतात, पण त्यातला "येट" आता म्हणत नाहीत.