नव्व्याण्णवाव्या दिवशी ओढलेली दोरी

ओहायोतल्या शेगड्यांच्या कारखान्यात लोरेटा पास्टर्नक सव्वीस वर्षं ओव्हनच्या दारांना बिजागऱ्या बसवत होती. उंची जेमतेम पाच फूट, आणि आवाज त्याहूनही लहान.

नवे मॅनेजर केंडल आले आणि त्यांनी कामगारांच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी बांधून घेतली. "कारखाना तुमचाच आहे. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही दोरी ओढा, जुळणीची सगळी लाइन थांबेल. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." टाळ्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी दोरीशेजारी फळा लागला: लाइन न थांबता गेलेले दिवस. शंभर भरले की सगळ्यांना सहकुटुंब स्टेकचं जेवण.

एवढा विश्वास टाकल्यावर दोरीला हात लावण्याचा कृतघ्नपणा कोण करणार? वाकडा स्क्रू दिसला, की माणसं छताकडे पाहू लागली.

नव्व्याण्णवाव्या दिवशी मुख्य कचेरीतून पाहुणे आले होते. लोरेटाच्या हातातल्या दाराच्या बिजागरीची खीळ हलत होती.

"रॉस्को, हे तिसरं दार."

रॉस्को टिबेट समोरच काम करी. लोरेटाला गाडी चालवता येत नव्हती. अठरा वर्षं ती त्याच्याच गाडीतून येत होती.

"हलू दे गं. उद्याचा दिवस जाऊ दे, मग काय ते बघ."

"तापलेलं दार कुणाच्या पोराच्या अंगावर पडलं म्हणजे?"

"माझ्या बायकोनं जेवणासाठी नवा ड्रेस घेतलाय. तिला तू सांगणार आहेस का, बाई?"

लोरेटानं टाचा उंचावल्या आणि दोरी ओढली.

लाइन थांबली. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. केंडलसाहेब पाहुण्यांना घेऊन धावत आले, क्षणभर पांढरे पडले, मग हसले. "पाहिलंत? यालाच आम्ही सहभाग म्हणतो!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खीळ ढिली असलेली चाळीस दारं निघाली. फळ्यावर शून्य मात्र साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

परतताना रॉस्कोनं रेडिओ लावला नाही. तिच्या दाराशी गाडी थांबवून तो म्हणाला, "खरंच पडलं असतं का गं?"

"पडलं असतं."

"हं. उद्या सहाला तयार राहा."

दुसऱ्या दिवशी पाहतात तो दोरी दीड फूट वर गेलेली. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून, असं सांगण्यात आलं. बाकी सगळ्यांचे हात पोचत होते. लोरेटाचाच तेवढा पोचत नव्हता.

त्याच्या पुढच्या सकाळी रॉस्कोनं डिकीतून आपल्या स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल काढलं आणि तिच्या जागेशी आणून ठेवलं. साहेब जवळच उभे होते, म्हणून मोठ्यानं म्हणाला, "बसत जा जरा. पाय दुखतात ना तुझे!"

लोरेटा बसली नाही. स्टुलावर चढली, दोरीला बोट टेकतंय एवढं पाहिलं, खाली उतरली आणि तिनं पुढचं दार हातात घेतलं.