दादाने धुतलेला गालिचा

माझ्या थोरल्या भावाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. माझं त्याच्याबद्दलचं खरं गाऱ्हाणं तेवढंच आहे.

आम्ही दोघे भाऊ गालिचे धुतो. धंदा वडिलांचा. दुकानामागे उतार दिलेली लांबलचक फरशी, वर पत्रा आणि गालिचे वाळत टाकायला जाडजूड लोखंडी पाइप. धंदा दोघांचा आहे, पण फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "दादा आहेत का?" मी म्हणतो, "मी त्यांचा धाकटा भाऊ बोलतोय." त्यावर पलीकडचा म्हणतो, "बरं बरं, मग नंतर करतो." सत्तेचाळीस वर्षांचा झालो, दोन मुलांचा बाप आहे, तरी लोक मला 'दादांचा भाऊ' म्हणूनच ओळखतात.

दादा सातवीत शाळा सोडून बसला. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. कुठल्या डागाला काय लावायचं हे मी झोपेतही सांगेन. दादा काय करतो? डागापाशी उकिडवा बसतो, नाक लावून वास घेतो आणि म्हणतो, "कॉफी. दूध घातलेली." लगेच गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होतात. अहो, कॉफीचा कप शेजारच्या टेबलावरच असतो!

त्याची पद्धत मात्र ठरलेली. गालिचा उलटा टाकून धूळ थांबेपर्यंत झोडपायचा. पांढरं ओलं फडकं एकेका रंगावर दाबून रंग सुटतो का बघायचं. मग साबण, मग लव ज्या बाजूला पडते त्या बाजूने ब्रश, आणि मग पाणी. शेवटी वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवायचा. मध्येच हात थांबतो. "इथे साबण आहे." पुन्हा पाणी. पुन्हा तळहात. "झालं." त्या 'झालं'वर लोकांचा केवढा विश्वास! मी एकदा तसाच हात फिरवून "झालं" म्हटलं, तर गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "दादांना एकदा बघायला सांगता का?"

सहा वर्षांपूर्वी मी हट्टाने पाणी ओढायचं मशीन आणलं. चार दिवस वाळत पडणारा गालिचा दीड दिवसात वाळू लागला. लोक म्हणाले, "दादांनी काय मशीन शोधून काढलंय!" त्या दिवशी मी जेवलो नाही. आमची ही म्हणाली, "तुम्ही रोज एवढे जळता, पण आपला गॅस काही वाचत नाही."

तर डॉक्टरबाईंचा फोन आला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना मीच हवा होतो. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत मोठा मरून गालिचा आहे आणि तो अकरा वर्षं आमच्याकडे येतो. मी गेलो तर त्या कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

दारापासून त्यांच्या केबिनपर्यंत गालिच्यावर राखाडी पायवाट पडली होती. मी चप्पल काढून पाय ठेवला. तळव्याला चिकट लागलं.

"पंधरा दिवस झालेत धुऊन! पोरं रांगतात हो यावर. काल एक आई मला विचारते, हा कधी धुता की नाही? मला मान खाली घालावी लागली."

"चुकलंच," मी म्हणालो.

"मी दुसरी कंपनी बघणार होते. दादांकडे बघून एक संधी देतेय. आणि खरं सांगा, हा दादांनी नाही ना धुतला? हे तुमचं काम आहे."

आता गंमत अशी, की तो गालिचा पहिल्यापासून शेवटपर्यंत दादानेच धुतला होता. मी फक्त पाणी ओढलं होतं. वीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते जिभेच्या टोकावर आलं. पण म्हटलं, आधी दादाला ऐकवू, त्याचा चेहरा बघू. बाईंना काय, केव्हाही सांगता येईल. मी गालिचा गुंडाळून टेम्पोत टाकला आणि घरापर्यंत शीळ घालत आलो. सांगायला लाज वाटते, पण इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

दादाने पायवाट बघितली. "शक्य नाही," तो म्हणाला. "माझं धुणं चोख असतं. तुझ्या त्या मशीनने साबण आत दाबला असेल."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आत्ता माझ्यासमोर धू," मी म्हणालो. "मशीनला मी हात लावत नाही."

"धुतो की. त्यात काय!"

मी बादली पालथी घालून परीक्षकासारखा समोर बसलो. दादाने झोडपलं, घासलं, पाणी मारलं. एकही गोष्ट चुकली नाही. मग वाकून तळहात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, कुठेही न थांबता. "झालं," तो म्हणाला आणि कंबर धरून उभा राहिला.

मी उठलो आणि हात फिरवला. गालिचा बुळबुळीत होता. एखादा कोपरा नव्हे, अख्खा. मूठ दाबून चोळलं तर बोटांमधून फेस वर आला. दोन वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. साबण राहिला की त्याला धूळ चिकटते, मग पायवाट पडणारच. सापडला! मला वाटलं, आज सापडला.

तेवढ्यात वहिनीने कट्ट्यावर चहाचे दोन स्टीलचे पेले आणून ठेवले. मी एक उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला. बोलायला वळलो तर दादाने त्याचा पेला पुऱ्या मुठीत धरला होता. ना फुंकर, ना हात बदलणं. तो निवांत गालिच्याकडे बघत होता.

"गरम नाही लागत?" मी विचारलं.

"कसला गरम? तुझी वहिनी नेहमी कोमटच देते."

त्याने पेला ठेवला तेव्हा तळहात लालबुंद झाला होता. त्याने तो पँटला पुसला आणि ब्रश धुवायला घेतला.

दादाला साखर आहे. पायांना मुंग्या येतात म्हणून गोळ्या चालू आहेत. हातांचं कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. वर्षभरापूर्वी त्याने बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी तरुण दिसायची हौस आलीय. आणि त्याला ते शोभतात म्हणून मी त्यावरही जळलो होतो.

"काय रे, आहे का साबण?" दादाने विचारलं. हसूनच विचारलं, पण नजर माझ्या हातावर होती.

मी मूठ मिटून घेतली. हात पुढे केला असता तर त्या दिवसापासून फोनवर लोकांना मलाच विचारावं लागलं असतं. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं, आणि चांगलं दोन-तीन वेळा आलं. पण त्या तळहाताशिवाय दादाकडे दुसरं काय होतं? शाळा मी शिकलो, मशीन मी आणलं, बोलणं मला येतं. त्याच्याकडे तेवढंच होतं, आणि ते गेलंय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "तुझंच खरं. मशीनमध्येच काहीतरी असेल."

"मी सांगत होतो," दादा म्हणाला आणि जेवायला गेला.

जेवून तो तासभर झोपतो. मी नळ सोडला. पाणी मारायचं, मशीनने ओढायचं, ओढलेलं पाणी बाटलीत घेऊन हलवायचं, फेस बघायचा. सात वेळा मारलं तेव्हा बाटलीतलं पाणी नुसतं पाणी राहिलं. रसायनशास्त्राची पदवी शेवटी कामी आली. कंबर मात्र गेली.

तिसऱ्या दिवशी गालिचा दवाखान्यात अंथरला. डॉक्टरबाई अनवाणी चालल्या, मग खाली बसून त्यांनी लव कुरवाळली.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. "बघा, याला म्हणतात दादांचा हात. मागच्या वेळी तुम्हीच धुतला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलंच. राग मानू नका हं, पण सगळ्यांना नाही जमत ते."

मी टेम्पो घेऊन परत आलो.

दादा दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसला होता. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दादांनी धुतलेला लगेच ओळखू येतो."

त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याने मला शेजारी बसवलं. "मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तू आजवर धुण्यात कधी मनच घातलं नाहीस. उद्यापासून माझ्याबरोबर उभा राहा. मी शिकवतो. दोन-चार वर्षांत तुझाही हात बसेल."

"बरं," मी म्हणालो.

तेव्हापासून मी दादाच्या हाताखाली शिकतो. तो तळहात फिरवून "झालं" म्हणाला की मी म्हणतो, "सरावासाठी मी आणखी एकदा पाणी मारून बघू का?" दादा खूश होतो. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, "उशिरा का होईना, पोरगं मार्गाला लागलं." गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही आहात म्हणून हो, दादा." मी वाकून पाणी मारत असतो, आणि जळत असतो.