गावितच्या गाडीत सोमा

रोज त्याच रस्त्याने, त्याच चौघांनी, एकाच गाडीत बसून जायचं म्हटलं की किस्से साठणारच. सीटखाली शेंगदाण्याची टरफलं आणि पेनांची टोपणं साठतात तसेच. गाडी धुवायला काढल्याशिवाय कळत नाही किती झालीत. आमच्याकडचे निम्मे किस्से सोमाचे आहेत. गंमत म्हणजे सोमा आमच्या गाडीत कधी बसलेलाच नाही. बसला असता तर गावितने त्याला आडगाव नाक्यावर उतरवलं असतं.

चौघे म्हणजे मी निकम, कांबळे, पाटील मॅडम आणि गावित. राहायला सगळे नाशिकच्या गंगापूर रोडच्या आसपास, नोकरीला ओझरच्या एकाच कंपनीत. मी आणि कांबळे तपासणी खात्यात, मॅडम अकाउंट्सला, गावित टूलरूमला. दर आठवड्याला एकाची गाडी. नियम एकच: ज्याची गाडी, त्याचं गाणं. बाकीच्यांनी ऐकायचं, कुरकुर करायची नाही. मॅडमच्या आठवड्यात भावगीतं, माझ्या आठवड्यात जुनी हिंदी, गावितच्या आठवड्यात बातम्या. आणि कांबळेच्या आठवड्यात सोमा.

सोमा आपल्याच डोंगरातला, सुरगाण्याकडचा. गिटार घेऊन तिकडच्या बोलीत स्वतःची गाणी लिहितो आणि गातो. मागे ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारचा दणदणाट. त्याला ऐकायला काही लोक पुण्याहून गाडी करून येतात आणि काही लोक तो रिक्षात लागला तर रिक्षा सोडून चालत जातात. आवाज म्हणाल तर, घसा बसलाय, आठ दिवस बोलू नका असं डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाचा.

मी रिक्षा सोडणाऱ्यांपैकी होतो.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी कांबळेला म्हटलं, "तुझा डॅशबोर्ड सैल झालाय. खर्र खर्र येतंय."

आमचं खातंच असं. आवाज आला की बिघाड, आणि बिघाड म्हणजे शोधणं आलं. कांबळेला तोवर काही ऐकू येत नव्हतं, मी सांगितल्यावर येऊ लागलं. मग त्याला चैन पडेना. रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी ग्लोव्हबॉक्स काढला, स्पीकरच्या जाळ्या काढल्या, फटीफटीत फोमच्या पट्ट्या भरल्या. त्याच्या बायकोने दोनदा चहा पाठवला, तिसऱ्यांदा जेवायला येताय की नाही असा निरोप पाठवला. सगळं परत बसवल्यावर तीन स्क्रू उरले. खर्र खर्र होतीच.

सोमवारी मॅडमनी तेच गाणं त्यांच्या फोनवर लावलं. फोनमध्येही खर्र खर्र. सोमा म्हणे गिटारला वाळलेल्या शेंगा बांधतो. गिटार हलली की त्या वाजतात.

कांबळेचा डॅशबोर्ड मात्र तेव्हापासून खरंच वाजतो.

* * *

तरीही मी हार मानली नव्हती. सोमाचं एक गाणं आहे, डोंगरातली माणसं जीपमध्ये भरून द्राक्षाच्या कामाला निघतात त्याचं. जाताना ड्रमवर एकेक ठोका पडतो, एकेक माणूस चढतं. शेवटच्या कडव्यात तीच जीप परत येते, माणसं उतरतात, पुन्हा ठोके. आणि तिथे हटकून एक ठोका चुकतो.

दर वेळी मी म्हणायचो, बघ, एवढा मोठा कलाकार आणि ड्रमवाल्याला ठेका धरता येत नाही. कांबळे हसायचा. एकदा मात्र हसला नाही. गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाला, "ठोका चुकलेला नाही, निकम. एक माणूस कमी उतरलंय."

त्या दिवशी गेटपर्यंत मी ते ठोके मनातल्या मनात मोजत होतो. घरी बायकोने विचारलं, काय झालं, बरं नाही का? आयुष्यभर चुका शोधून पगार घेतलेल्या माणसाचा कान असा पकडला गेला होता. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी तेच गाणं गुणगुणत होतो. बायको म्हणाली, खरंच दवाखान्यात जाऊन या.

* * *

त्या पावसाळ्यात गावितने आम्हाला गावी नेलं. त्याचं गाव सुरगाण्याच्याही पुढे, गुजरातच्या बाजूला. भाताची आवणी चालू होती, म्हणजे रोपं काढून चिखलात लावायचं काम. गुडघाभर चिखलात बायका वाकलेल्या, हाताने रोप खोचत एकेक पाऊल मागे मागे जात होत्या. त्यांच्यात गावितची आई होती. इतकी बारीक बाई इतक्या भरभर मागे सरकताना मी पहिल्यांदाच पाहिली.

मॅडमनी विचारलं, उलटं का चालायचं?

म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुढं गेलीस तर लावलेलं तुडवशील ना गं."

मॅडमना हुक्की आली. पदर खोचून उतरल्या आणि तिसऱ्या पावलाला मागच्या मागे चिखलात बसल्या. सगळ्या बायका हसायला लागल्या, त्या हसण्यातच म्हातारीने गाणं धरलं, बाकीच्यांनी ओढलं. आवाज फाटका, पण मोठा. कांबळे तर बांधावर मटकन बसलाच. हीच चाल सोमाकडे आहे, असं तो माझ्या कानात म्हणाला.

गावितचा चेहरा उतरला होता. तो बांधावरून म्हणाला, "आई, पाहुणे आहेत."

गाणं थांबलं. दुपारी म्हातारीने नागलीच्या भाकरी वाढल्या, कांबळेला आग्रहाने जास्तीची दिली, सगळ्यांशी गोड बोलली. गायली मात्र नाही. मला ते फार लागलं, पण त्याच्या घरी बसून त्याला काय बोलणार?

* * *

त्यानंतरचा कांबळेचा आठवडा. आडगावच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलेलं, पाऊस उघडून उन्हाने गाडी तापलेली. कांबळेने सोमा लावला आणि नको ते बोलला. "गावित, तुझ्या आईचीच चाल आहे ही. तुला तर अभिमान वाटायला पाहिजे."

"बंद कर."

कांबळेने बंद केलं नाही. नियम नियम आहे म्हणाला. त्याचंही खरं होतं. त्याच्या वडिलांनी वस्तीवस्तीत गाणी म्हटली होती, गाण्याने माणसं ताठ उभी राहताना त्याने लहानपणी पाहिली होती. आपल्या माणसाला आपल्याच गाण्याची लाज वाटते हे त्याला सोसवत नव्हतं.

गावित पुढे बसला होता. समोर रस्त्याकडे बघतच तो बोलू लागला, अगदी हळू. आश्रमशाळेत घरची बोली तोंडातून निघाली की छडी बसायची. पुढे नाशिकला होस्टेलवर आला तर पोरं त्याला मुद्दाम बोलायला लावायची आणि लोळून हसायची. आरशासमोर उभा राहून तो आमच्यासारखं बोलायला शिकला. शेवटी म्हणाला, "ज्या बोलण्यासाठी मी मार खाल्ला, त्याला तुम्ही तिकीट काढून टाळ्या वाजवता. वाजवा. मला सांगू नका अभिमान वाटून घे म्हणून."

दार उघडून तो तुंबलेल्या गाड्यांमधून चालत निघाला. आमच्या आधी कंपनीत पोचला.

* * *

पुढचे काही आठवडे गाडीत कोणाचंच गाणं लागलं नाही. गावित आणि कांबळे एकमेकांशी माझ्यातर्फे बोलायचे. "त्याला सांग काच वर कर." काचेचं बटण बोलणाऱ्याच्याच दाराला. मॅडमनी एकदा कंटाळून विचारलं, आपण चौघे कामाला चाललोय की मयतीला?

चौघांची ही गाडी मोडणार हे दिसत होतं. माझा जीव तुटत होता, कारण खरं सांगायचं तर त्या पाऊण तासाइतकी मैत्री मला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तोडगा मॅडमनीच काढला. सोमाचा कार्यक्रम आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये होता. चौघांनी जायचं. गावितने पूर्ण ऐकायचं. नाही आवडला तर सोमा गाडीतून कायमचा बंद, कांबळेने पुन्हा नाव काढायचं नाही. दोघेही हो म्हणाले. मला वाटतं दोघांनाही गाडी मोडायला नको होती.

* * *

हॉल भरलेला. माझ्या एका बाजूला गावित, दुसऱ्या बाजूला कांबळे. मी सोमाकडे कमी, गावितकडे जास्त बघत होतो. जीपच्या गाण्याला त्याने हाताची घडी सोडली. पुढच्या एका गाण्याला त्याचा पाय हलायला लागला. कांबळेने फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू केलं होतं, पण त्याचंही लक्ष गावितच्या बुटाकडेच होतं.

शेवटचं गाणं. तीच बांधावर ऐकलेली चाल. गावित पुढे सरकून बसला. त्याचे ओठ हलताना मी स्वतः पाहिलं.

आणि सोमाने गिटार पाठीवर टाकली, कंबरेत वाकला आणि गाता गाता माइकपासून मागे मागे जायला लागला. एकेक पाऊल. आवाज बारीक होत गेला. सहावी-सातवी रांग असेल आमची, आम्हाला शब्द कळेनासे झाले. लोक चुळबुळायला लागले. कोणीतरी हसलं. मागून एकाने त्याच्या बोलीची नक्कल केली आणि दोन-चार जण खिदळले.

गावित ताडकन उभा राहिला. मला वाटलं नक्कल करणाऱ्यावर जातो. पण तो स्टेजकडे बघून ओरडला, "ए, आवाज नाही येत! माइकवर ये! लोक हसतायत!"

मग काय, सगळा हॉलच ओरडायला लागला. माइक, माइक! सोमा सरळ झाला. आमच्या दिशेने बघत राहिला. मग वळून आत निघून गेला. दिवे लागले.

कांबळे आमच्यासाठी थांबला नाही. बाहेर येऊन रिक्षा केली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीला बसने यायला लागला.

* * *

आता हा शेवटचा.

गावितच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा उघडल्यावर म्हातारीला काही दिवस ओझरला, लेकीकडे राहायचं होतं. गावितचाच आठवडा होता, म्हणून तो तिला सकाळी आमच्याबरोबर घेऊन निघाला. मॅडमनी कांबळेला फोन केला, मावशी आहेत गाडीत, तुमची आठवण काढतायत. भाकरीला जागणारा माणूस, आला. पुढे गावित आणि मी, मागे मध्ये म्हातारी, दोन्हीकडे मॅडम आणि कांबळे. गावितने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने गावितकडे पाहिलं नाही.

म्हातारी नव्या डोळ्याने सगळं बघत होती. दुकानांच्या पाट्या, मॅडमची साडी, कांबळेची पांढरी दाढी. त्याला म्हणाली, तू म्हातारा झालास की रं. मग त्याच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून विचारलं, यात काय बघतोस एवढं?

कांबळेने फोनवर बोट फिरवलं. मला कळलं तो काय लावणार ते. त्याने हॉलमधला व्हिडिओ लावलाच.

शेवटचं गाणं. गाडीत सोमाचा तो फाटका आवाज, शेंगांची खर्र खर्र. म्हातारीने फोन दोन्ही हातांत धरून डोळ्याजवळ नेला. गावितने बातम्या लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आवाज बारीक व्हायला लागला. मी मागे वळून बघत होतो. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने मॅडमना कोपराने ढोसलं. "बघ गं, आवणी करतो आहा. कसा मागं मागं जातो, बघ."

गाडी एकदम हळू झाली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

आणि फोनमधून आवाज आला. ए, आवाज नाही येत! माइकवर ये!

म्हातारीने फोन कानाला लावला. मग पुन्हा डोळ्यासमोर धरला. "हा कोण वरडतो?"

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. कांबळेने फोन घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही. मला वाटलं मीच काहीतरी सांगावं, हॉलमध्ये कोणीही ओरडतं, माणसं असतात तशी.

गावितने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"मी आहे, आई."

म्हातारीने फोन कांबळेच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "पाहुणे होते का रं तिथं?"